मायच्या धानाचं पेज

पेज मी केलं, आणि ते पाहायला कोणी येत नाही असं मायला सांगितलंही मीच. आजही कुणी आमच्या दुकानाचा विषय काढला की माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, सोड ना आता. सोडते कशाची! ज्याच्या ताटात मायनं दोनदा भात वाढला त्यानं असं केलं, हे मला सुटत नाही.

आमचं गाव करडीच्या जवळ, मोहाडी तालुक्यात. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा निघाला तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. पुढे बारावी झाली, कॉलेज झालं, आणि भंडाऱ्याला एका क्लासमध्ये वेबसाइट बनवायचं शिकले. तिथेच तो भेटला. माझ्याच बॅचचा, माझ्यासारखाच खेड्यातून एसटीनं येणारा, बोलायला गोड. क्लास संपल्यावर दोघांनी मिळून भंडाऱ्यातच दुकान टाकलं, आणि मी तिथेच खोली घेऊन राहू लागले. दुकान म्हणजे काय, दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही त्याच्याकडेच जास्त वळलेला. लग्नाचे लॉन, पोलीस भरतीचे क्लास, पितळेची भांडी विकणारे, अशा लोकांची लँडिंग पेजं आम्ही करायचो. लँडिंग पेज म्हणजे एकच पान. एक वस्तू, तिचे दोन-चार फोटो, थोडा मजकूर, आणि खाली नाव-नंबर भरायचा फॉर्म. जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस सरळ त्या पानावर उतरतो.

काम वाटून घेतलेलं होतं. पान मी करायची, मोजणी तो करायचा. मोजणीसाठी पानाच्या आत, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी, चार-सहा ओळींचा ट्रॅकिंग कोड चिकटवावा लागतो. त्या ओळींत एक आयडी असतो. ज्याच्या खात्याचा आयडी, त्याच्या खात्यात सगळी माहिती जमा होते: किती माणसं आली, कुठल्या गावची, किती वेळ थांबली, फॉर्म भरला की तशीच निघून गेली. घराच्या दारावर कुणाच्या नावाची पाटी आहे यावर पत्र कुणाला मिळणार ते ठरतं ना, तसंच हे. कोणत्या ग्राहकाचा कोणता आयडी, हे मी एका वहीत लिहून ठेवायची. मला तशी सवय होती.

आता मायच्या धानाबद्दल. माझ्या मायचं माहेर आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याशी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मायनं लुगड्याच्या पोटलीत बांधून तिला धान दिला होता, पेरायचा. बारीक दाण्याचा, वासाचा. शिजला की शेजारची बाई विचारायला यायची, आज काय आहे म्हणून. त्याला काही सरकारी नावबिव नव्हतं. माय त्याला आंबागडचा धान म्हणायची. दरवर्षी एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या छोट्या तुकड्यात, ती तेवढाच लावायची, आणि पुढच्या सालासाठी त्याची बिजाई, म्हणजे बियाणं, एका मडक्यात राख अन् कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची. मामाकडे हा धान कधीचाच बंद झाला होता. त्या भागात आणखी कुणाकडे असेल तर आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या घरी त्या मडक्यात होता, तेवढाच.

बाबा गेल्यावर शेती भाऊ पाहू लागला. भाऊ वाईट माणूस नाही. पण आंबागडचा धान उंच वाढतो, वारा आला की लोळतो, निघतो कमी अन् निघायला उशीर लावतो. एक साल भावानं त्या बांधीत दुसरं बियाणं लावलं. मायला वाईट वाटलं, पण बोलली नाही. दुसऱ्या सालीही तो तेच म्हणू लागला तेव्हा मात्र ती बोलली.

“एक साल सोडला त चालते,” ती म्हणाली. “दोन साल मडक्यात राहिला त बिजाई मरते. मंग कुठून आणशीन?”

“कोणाले पाहिजे आहे तो धान?” भाऊ म्हणाला. “आपण पाच जण खाऊ, तेवढ्यासाठी बांधी अडकवू काय?”

मी तिथेच बसले होते, आणि माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. मी म्हटलं, “लोकायले पाहिजे असंन त?”

भाऊ हसला. “पाहिजे असंन त मी बांधी देतो. मिरगाच्या आधी सांग. वीस जण जरी खरे निघाले ना, त्या बांधीतच लावू.”

असं ठरलं. तेव्हा माघ संपत आला होता. मृगात पऱ्हे टाकायचे असतात, म्हणजे रोपं तयार करायला धान फेकायचा असतो. तोवर वीस माणसं दिसली तर मायचा धान वाचणार, नाही तर नाही.

दुकानात मी माझ्या जोडीदाराला हे सांगितलं तर तो माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. रविवारी कॅमेरा घेऊन गाडीवर आमच्या गावी आला. मायच्या तळहातावर धान ठेवून फोटो काढले. तिच्या हाताच्या भेगा दिसतील असा एक फोटो त्यानं काढला, आणि म्हणाला, “काकू, हाच फोटो वर लावू. हात पाहूनच लोक थांबतील.” माय लाजली. तिनं त्याला चहा पाजला, जेवू घातलं, जाताना पिशवीभर लाखोरीची डाळ दिली. त्याला ती बाबूच म्हणायची.

ते पान मी फार जीव लावून केलं. आजवर कुठल्या ग्राहकाच्या पानाला एवढा वेळ दिला नव्हता. मजकूर तर मी चारदा लिहिला. शेवटी साधंच ठेवलं: हा धान माझ्या आईनं माहेराहून आणला, यंदा लावला तर दिवाळीनंतर तांदूळ मिळेल, पाहिजे असेल तर नाव लिहा, पैसे आत्ता नकोत. फॉर्ममध्ये नाव, गाव, नंबर आणि काही सांगायचं असेल तर एक रिकामी चौकट. गावात मायच्या फोनला रेंज नसते, म्हणून फॉर्म दुकानाच्या मेलवर यावेत असं ठरवलं. तो मेल त्याच्याकडे असायचा. कोडही त्यानंच टाकला. म्हणाला, “तू पान पाहा, बाकीचं मी पाहतो.” नेहमीचीच वाटणी, त्यामुळे मी वहीत आयडीसुद्धा लिहून घेतला नाही. घरचंच काम आहे, त्यात काय लिहायचं, असं वाटलं. नागपूर-पुण्याच्या स्वयंपाकाच्या ग्रुपांवर त्यानं लिंक टाकली, थोडी जाहिरातही लावली, आणि मोजणी पाहण्यासाठी मला माझ्या फोनवर खातं उघडून दिलं.

मी रोज सकाळी उठले की आधी आमचं पान उघडून पाहायची, मग मोजणी. कधी एक माणूस, कधी दोन, बरेचदा शून्य. फॉर्म एकही नाही.

आता माझी चूक सांगते. कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाला ती करताच आली नसती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी गावी असताना पाण्याच्या टाकीजवळ रेंजमध्ये जाऊन स्वतःच्या फोनवर ते पान उघडलं, आणि लगेच मोजणी पाहिली. मी त्या पानावर उभी, आणि खातं म्हणतंय, आत्ता कोणी नाही. मी त्याला फोन लावला.

“अगं, आपली येणी-जाणी मी वगळून ठेवली आहेत,” तो म्हणाला. “नाही त आपण दिवसातून दहादा पाहू अन् आकडा फुगून जाईन. तुले माहीत नाही काय?”

मला माहीत होतं. चांगलं काम करणारे स्वतःची मोजणी वगळतातच, मीच ग्राहकांना समजावून सांगायची. मात्र दुकानाचं इंटरनेट वगळता येतं. गावातला मोबाइल असा सहज वगळता येत नाही, त्याचा पत्ता सारखा बदलत असतो. हेही मला माहीत होतं. पण त्याचं उत्तर इतकं शिकलेलं होतं की मला उलट बरंच वाटलं, की बघा, किती काळजीनं करून राहिला. बावळट कुठली मी!

माय रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायची, तिथे रेंज येते, आणि फोन करायची. जेवली का, तब्येत कशी, अन् मग हळूच, “आलं काय कोणी?” मी म्हणायची, नाही अजून. चैत्र गेला, वैशाख गेला. शेवटी शेवटी मीच चिडून बोलायची, “माय, लोकायले वास-बीस काही नको असते, स्वस्त पाहिजे असते.” हे वाक्य कुठून आलं होतं माहीत आहे? त्याचंच होतं. दुकानात बसून तो मला हेच सांगायचा, फार समजुतीनं, खांद्यावर हात ठेवून.

मृगाच्या चार दिवस आधी मी गावी गेले. भावानं काहीच विचारलं नाही, त्याला माझ्या तोंडावरून कळलं. मायनं विचारलं. मी म्हटलं, “कोणीच नाही आलं, माय.” ती म्हणाली, “बरं.”

मग तिनं मडकं काढलं. एक साल तसंच राहिलं होतं, आणखी एक साल ठेवून उपयोग नव्हता. मिलमध्ये नेला तर दुसऱ्याच्या धानात मिसळेल म्हणून तिनं तो घरीच उखळात कांडला, दोन दिवस थोडा थोडा. तिसऱ्या दिवशी पाटोडीचा रस्सा केला आणि तो भात शिजवला. मला म्हणाली, “बाबूलेही बोलाव. त्या पोरानं एवढी धावपळ केली.”

तो आला. माझ्या बाजूलाच बसला. गल्लीत वास गेला होता, शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या, त्यांना मायनं दिला. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, “काकू, असा भात पुन्हा नाही भेटणार.” मायनं त्याला परत वाढला. त्यानं घेतला. भावाचं जेवण मात्र त्या दिवशी लवकर आटोपलं. माय सगळ्यांचं झाल्यावर बसली, तेव्हा भांड्याला लागलेला तेवढा उरला होता.

त्या बांधीत भावानं दुसरं बियाणं लावलं. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपले, पोळा जवळ आला. एक दिवस माझा जोडीदार नागपूरला कामाला गेला होता आणि मी दुकानात एकटी होते. एका मसालेवाल्या बाईंना आमच्या धानाच्या पानासारखं पान हवं होतं. नवं कशाला करा म्हणून मी तेच पान उघडून त्याची नक्कल केली. त्यात बाईंचा आयडी टाकायचा म्हणून जुना शोधला. सापडला. काय आहे पाहावं म्हणून मी माझ्या फोनमधल्या खात्याचा आयडी त्याच्याशी ताडून पाहिला, तर तो वेगळा होता. सगळाच वेगळा. म्हणजे मी तीन महिने रोज सकाळी ज्या खात्यात पाहत होते, त्याचा आमच्या पानाशी संबंधच नव्हता. नंतर कळलं, ते आमच्या एका जुन्या सरावाच्या पानाचं खातं होतं. त्या पानावर कोण जाणार? तोच अधूनमधून जाऊन यायचा, आकडा अगदीच मेलेला दिसू नये म्हणून.

पानावरचा आयडी मी वहीत शोधला. एका राइस मिलवाल्या ग्राहकाच्या नावासमोर, माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

मग मी त्याच्या टेबलाशी बसले. त्याचं खातं उघडंच असायचं, आमच्यात लपवाछपवी कुठे होती! त्या मिलवाल्याच्या खात्यात आमचं पान होतं. रेघ पहिल्याच आठवड्यात वर चढलेली. पुणे, नाशिक, अमरावती, नागपूर. माणसं येत होती, तीन-तीन, चार-चार मिनिटं थांबत होती. आणि त्यात रोज सकाळी सातच्या सुमारास येणारं एक कोणीतरी होतं, नेमानं, एक दिवस न चुकता. ती मी होते. मलासुद्धा त्यानं मोजलं होतं.

मेलमध्ये फॉर्म होते. सदतीस. भावानं वीस मागितले होते. मी एकेक उघडून वाचला. कुणी नुसतं नाव-नंबर लिहिलेला. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या आजोळी असा तांदूळ व्हायचा, वास आठवतो, नाव आठवत नाही. अमरावतीच्या एकानं लिहिलं होतं, दोनच किलो द्या, पण दरवर्षी द्या. मी तिथे बसून रडले नाही. त्यानं पाठवलेली उत्तरं उघडली. प्रत्येकाला त्यानं उत्तर दिलं होतं, “हा तांदूळ आत्ताच उपलब्ध आहे,” आणि खाली दुसऱ्या पानाची लिंक. ती उघडली. मिलचं पान होतं, आमच्यापेक्षा चकचकीत, कुठला तरी वासाचा तांदूळ चकाचक पिशवीत. आणि वर मायचा हात. भेगांचा.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. वही त्याच्यासमोर सरकवली. त्यानं पाहिलं, आणि आधी पाणी प्यायला.

“तू उगाच तापून राहिली,” तो म्हणाला. “तुह्या घरची एक बांधी. त्यात सदतीस लोकायचं काय होते? मिलवाल्याजवळ माल आहे. लोकायले तांदूळ भेटला, कोणाचं काही बिघडलं नाही.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं त तू ते लोक त्याले देले असते काय?”

“तू आमच्या घरी येऊन तो भात खाल्ला,” मी म्हटलं. “तुले माहीत होतं ना तो शेवटचा आहे?”

त्यानं वहीतल्या त्या आयडीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “आयडी काही लपवला नव्हता मी. पानावरच होता. पान तूच केलं, अन् पाहिलं काहून नाही मंग?”

गेल्या कित्येक वर्षांत मी लोकांना किती उत्तरं दिली आहेत, एसटीच्या कंडक्टरपासून ग्रामसेवकापर्यंत, कुणाला सोडलं नाही. त्या दिवशी मात्र मी वही उचलून पिशवीत घातली. पाहायला एक मिनिट लागलं असतं. मी माझा कॉम्प्युटर रिक्षात टाकला आणि निघाले. त्याच्याशी पुन्हा बोलले नाही. तो अजून त्याच दुकानात आहे, चांगलं चाललंय म्हणतात.

आंबागडला मामाला फोन केला. त्यानं चार घरी विचारून सांगितलं, नाही कोणाजवळ. मग मी स्वतः जाऊन आणखी दोन-तीन गावं फिरले. वासाचे धान दाखवले लोकांनी, पण तो नव्हता. भावाला सांगितलं तेव्हा त्याला भंडाऱ्याला जाऊन त्या पोराचे दात पाडायचे होते. कसाबसा अडवला. भाऊ रात्रीपर्यंत त्या बांधीवरच बसून होता, कारण वीसचा आकडा त्यानंच घातला होता.

मायला सांगायला मला आठ दिवस लागले. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून गवत कापत होती. मी तिच्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं, पानापासून मिलच्या पिशवीपर्यंत. आयडी वगैरे तिला कळणार नाही म्हणून सोपं करून सांगितलं, की लोक येत होते पण त्यानं आपल्याला दिसू दिलं नाही. सदतीस जण आले होते, माय. माझ्या मनात होतं की ती त्याला शिव्या देईल. मीही द्यायला तयार बसले होते, मला ते पाहिजेच होतं.

तिनं विळा खाली ठेवला.

“बाबूनं फसवलं मले,” मी म्हटलं. “आपल्याले सगळ्यायले फसवलं.”

“तो त परका पोरगा,” माय म्हणाली. “त्याच्या सांगण्यावरून मी बिजाई शिजवली असती काय? तू म्हणाली म्हणून शिजवली.”

ती रागानं नव्हती बोलली. मला खात्री करून घ्यायला तिच्या तोंडाकडे पाहावं लागलं, आणि तिथे राग नव्हताच. तिनं विळा उचलला, आणि मला म्हणाली, उन्हात बसू नको, घरी जाय.